शालूबाईची फणी

लोणंदजवळच्या एका अंगणवाडीत शालूबाई मदतनीस. कागदावर तिचं काम एवढंच: झाडलोट करायची, खिचडी रांधायची, पोरं गोळा करून आणायची. वेण्या घालायचं कागदावर कुठंच नव्हतं. पण आया सकाळी सातच्या गाडीनं कंपनीत जायच्या, पोरी झोपेतल्याच केसांनी यायच्या, आणि विस्कटलेलं डोकं दिसलं की हिच्या हातांना काही चैन पडायचं नाही. तिला दोन्ही मुलगेच, त्यामुळं वेणी घालायची हौस तशीच राहिलेली. मग काय, रोज अकरा पोरी ओळीनं बसायच्या. एक खोबरेलाची बाटली आणि एक लाकडी फणी, लग्नात आईनं दिलेली. आपली वेणी संध्याकाळपर्यंत हलत नाही, ह्याचा शालूबाईला कोण गर्व होता!

दिवाळीनंतर क्रांतीच्या लेकीच्या, अंकिताच्या डोक्यात रुपयाएवढा खवडा उठला. कोंडा सुटला, केस मुळाशी तुटायला लागले. कुणी म्हणालं चाई लागली, गुंज उगाळून लावा. कुणी लिंबू चोळायला सांगितलं. उपाय सांगायला आपल्याकडं कधी माणसं कमी पडलीत? शालूबाईनं मायेनं जरा जास्तच तेल थापलं आणि तीच फणी पुढच्या पोरीच्या डोक्यात घातली. महिन्याभरात पाच डोकी झाली.

शेवटी क्रांती कामाला खाडा करून लेकीला साताऱ्याला दाखवून आली. दुपारी अंगणवाडीच्या पायरीवर बायका जमल्या, तेव्हा तिनं शिकवणाऱ्या बाईंपुढं औषधाची बाटली धरली.

"बुरशी हाय म्हनले डॉक्टर. नुसतं वरनं लावून जात न्हाई, दीड म्हैना पोटातनं औषध द्यायचं. केस येत्यात परत. पर एकीची फणी, टावेल दुसरीला लागला की पसरती. आमच्यात तर अंकीची फणी येगळी हाय. ही त्या ऊसतोड्यांच्या उमाचीच देन. तिला उद्यापासनं घिऊ नगा, बाई."

उमा चार वर्षांची, उसाच्या फडावरच्या पालातून यायची. पाचांतलं एक डोकं तिचंही होतं. दिवसातलं तिचं गरम जेवण म्हणजे इथली खिचडी.

आत भांडी घासताना शालूबाईनं हे सगळं ऐकलं. फणी समोर खिडकीत होती. ती गप्प बसली असती तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, आणि उमाची आई काही भांडायला येणार नव्हती. बोललं तर मात्र पुन्हा एकही पोरगी मांडीशी बसायची नाही. ह्याचीच तिला भीती वाटली, नोकरीची नव्हे.

ती राखेच्या हातांनीच बाहेर आली.

"उमाला कशापायी? अकरा जणींला एकाच फणीनं मी विंचरती रोज. बुरशी कुनी आनली देवाला ठावं. वाटली मी."

क्रांतीनं अंकिताचा हात धरला आणि ती निघून गेली. संध्याकाळी शालूबाईनं फणी बंबाच्या जाळात घातली आणि तिथंच बसून पोटभर रडली.

पाचही पोरींना औषध सुरू झालं. उमाला रोज जेवणाबरोबर शालूबाईच पाजायची. वेण्या आता आयाच घालून पाठवू लागल्या, घाईत, वाकड्यातिकड्या. शालूबाई बघायची आणि खिचडी ढवळायची. दोन महिने असेच गेले.

माघातल्या एका सकाळी अंकिता केस मोकळेच घेऊन आली. खवड्याच्या जागी बोटभर नवे केस आले होते. तिच्या हातात लाल प्लास्टिकची कोरी फणी होती.

"आजी, आईनं दिलीया. ही माझी एकटीची." ती पाठ करून शालूबाईच्या मांडीशी बसली. मग आठवल्यासारखं तिनं फ्रॉकच्या खिशातून दुसरी फणी काढली, निळी. "आन ही उमाला दे म्हनली."

शालूबाईनं पदराला हात पुसले आणि आधी उमाला हाक मारली.