कोरड्या आडावरची कप्पी

ज्या वर्षी बालाघाटाच्या कडेला पाऊस नावालासुद्धा पडला नाही, त्या वर्षी धारूरजवळच्या एका गावात माझं फिजिओथेरपीचं काम सुरू झालं. जागा होती सहकारी सोसायटीचं खताचं गोदाम. पेरण्याच नाहीत तर खत कोण नेणार, म्हणून चेअरमननं बाजारच्या दिवशी ते मला वापरायला दिलं. युरियाचा वास काही जात नव्हता. गावात मला ‘मालिशवाली बाई’ म्हणायचे आणि मी दरवेळी चिडायचे. एवढी वर्षं हाडं आणि स्नायू घोकले ते काय तेल चोळायला?

त्या गोदामात ऊसतोडीला जाणारी एक बाई आली. तिशीची असेल. उजवा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधलेला. मागच्या हंगामात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती घसरली आणि खांद्यापाशी हाड मोडलं. तिकडच्या दवाखान्यात हात बांधून दिला, पुन्हा दाखवायला बोलावलं. तेवढ्यात कारखान्याचा हंगाम संपला आणि टोळी गावी परतली. पट्टी कधी सोडायची हे सांगायला कुणी उरलं नाही. मग सासूनं ती सोडूच दिली नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, हात गळ्यातच.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा नवरा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत फारसं कुणी विचारत नाही. मुकादमानं निरोप धाडला होता, दसऱ्याला येतो, हात वर झाला तर दोघं चला, नाहीतर मी दुसरं जोडपं बघतो. गावात दुसरं काम नव्हतं. शेतात ढेकळं आणि वर कोरडं आभाळ.

“काय होतंय?” मी विचारलं.

“हात दुकतोय.”

“ठणकतो, चमक मारतो, का रग लागते?”

ती पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघू लागली. आपल्या भाषेत दुखण्याला किती नावं आहेत आणि त्यातलं प्रत्येक नाव मला वेगळी वाट दाखवतं. रात्रभर ठणकत असेल तर आत सूज आहे. बोटापर्यंत चमक जात असेल तर शीर तपासायला हवी. रग म्हणजे थकलेला, आखडलेला स्नायू.

“ठणकायचा आदी. आता निस्ती रग लागती, लई रग.”

मी पट्टी सोडली. तिला हात उचलायला सांगितलं, तो छातीपर्यंत आला आणि खांदाच कानाला जाऊन टेकला. मग तिला हात सैल सोडायला लावून मी उचलला, तरी तिथंच अडला. ही खूण महत्त्वाची. ताकद नसती तर माझ्या हातानं तो वर गेला असता. तिनं नुकत्याच धारूरला काढून आणलेल्या एक्स-रे फोटोत हाड जुळलेलं दिसत होतं, बोटांत मुंग्या नव्हत्या. सांधा बांधून ठेवल्यानं आखडला होता, एवढंच. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थापच मारली.

“हाड निखळंल की वो,” ती म्हणाली.

“नाही निखळत. रग लागली तर पुढं जायचं, चमक आली की थांबायचं. एवढं ध्यानात ठेव.”

मी हळूहळू सांधा मोकळा करू लागले, भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं. पण पुढच्या व्यायामाला दोरी आणि कप्पी लागते. चांगल्या हातानं एक टोक ओढायचं, म्हणजे दुसरं टोक धरलेला आखडलेला हात वर जातो. गोदामात खिळा ठोकायलासुद्धा लाकूड नव्हतं. तीच म्हणाली, “आमच्या आडावर हाय की कप्पी. आड आटलाय, कप्पी कोन नेनार?”

ती सकाळ-संध्याकाळ कोरड्या आडावर उभी राहून दोरी ओढू लागली. लांबून कुणीतरी पाहिलं. कप्पीचा कुरकुर आवाज, बाईचे हात खालीवर. झालं! “आडाला पाणी आलं!” म्हणून आरोळी उठली आणि निम्मं गाव घागरी-कळशा घेऊन धावत आलं. आत डोकावलं तर तळाला पालापाचोळा. एक म्हातारी तिला नाही नाही ते बोलली, बाकीचे पोट धरून हसले. मला वाटलं, आता ही लाजून घरी बसणार. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा आडावर! सासू सोबत आली होती, आणि कुणी हसलं की तीच भांडत होती.

मुकादम दसऱ्याला आला. टँकर आला होता, बायांची झुंबड उडाली होती, मी पण तिथंच होते.

“वैनी, हात वर करा बरं,” तो म्हणाला.

तिनं नुसता हात वर केला नाही. भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली आणि उजव्या हातानं धरून त्याच्यापुढं उभी राहिली. पाण्याचा थेंब सांडला नाही. बायांनी असा गलका केला की टँकरवाला नळी बंद करायची विसरला.

“सुरुवातीला मोळी नवरा वाहील,” मी मुकादमाला बजावलं. “ही तोडेल आणि बांधेल. मग हळूहळू वजन वाढवायचं.”

“टोळी माजी हाय, म्याडम.”

“खांदा मी सोडवलाय. पुन्हा आखडला तर तुझाच कोयता अर्धा होईल.”

त्यानं मान डोलावली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “तेवडं आमच्या कमरंचं बी बगता का?” मी इतकी फुशारले होते की तिथल्या तिथं हो म्हटलं.

बाया पांगल्या. तिनं कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाठ करून केस मोकळे सोडले. मग दोन्ही हात मानेमागं नेऊन सावकाश पीळ दिला आणि घट्ट अंबाडा बांधला.

काय काय जमत नाही, असं मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तोडणी, मोळी, भाकरी, धुणं, सगळं तिनं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

“सासू केस इंचरायची रोज,” ती वळून म्हणाली. “लई ओढायची बगा.”