माझ्या रेघांनी मला कुठं नेऊन बसवलं!

मित्रहो, यंत्राला माणूस कळत नाही, हे मी व्यासपीठांवरून ठणकावून सांगत आलोय. आज ते शब्द मागं घेतो.

एका संकेतस्थळावर आम्ही अनोळखी वाचक एकच लेख वाचतो, वाक्यांखाली रेघा मारतो, शेजारी टिपा लिहितो. त्यावरून ते प्रत्येकाला आपल्यासारख्यांचा गट सुचवतं. मी वाचतो चळवळींचा इतिहास. वाटलं, बंडखोरांत बसवेल. गट आला, ‘आवाज गमावलेली माणसं’!

रेघा तपासल्या. लेखांत जिथं जिथं एखाद्या वक्त्याचा घसा बसला, तो थांबला, नेमकी तिथंच माझी रेघ. डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन सांगितलंय, आवाज जाईल म्हणून मी ते टाळतोय, हे मी घरीही बोललो नव्हतो. बायकोनं स्क्रीनवर गटाचं नाव बघून विचारलं, तेव्हा सगळं सांगावंच लागलं. “मला न्हाय सांगितलासा, आणि ह्या मशीनला सांगितलासा व्हय?”

मी रेघ मारलेल्या एका वाक्याशेजारी कागलच्या शिक्षिकेची टीप होती: “ऑपरेशननंतर आवाज बारीक झाला. आता माझा वर्ग पुढं सरकून बसतो.”

ती वाचून लगेच डॉक्टरांना फोन केला. सोमवारी ऑपरेशन.

राजारामपुरीच्या चौकात गरजणारा हा माणूस यापुढं कदाचित हळूच बोलेल. तुम्ही पुढं सरकून बसाल ना?