उपासाचं मीठ

मावशीचे वजन पहिल्यांदा झाले ते धानाच्या काट्यावर. दवाखान्यातल्या काट्यावर चढायला ती तयार नव्हती. तिथे मागे ओळीत उभी असलेली माणसे आकडा मोठ्याने वाचतात, असे तिचे म्हणणे होते. आमच्या घरामागे राइस मिल होती आणि तिथला तोलणारा आमच्याकडेच जेवायला यायचा. त्याने धानाने भरलेल्या चुंगड्या बाजूला सरकवल्या, मावशीला लाकडी फळीवर उभे केले आणि वजने चढवत गेला.

"मावशी, क्विंटलले थोडंच कमी भरलं," तो म्हणाला. "एखादा व्यापारी आला तं उचलूनच नेते तुले."

"नेऊ दे," मावशी म्हणाली. "त्याले बी जेवाले घालीन."

ती हसली, पण माझा हात धरून उतरताना तिला धाप लागली होती.

ही बालाघाटची गोष्ट, साठ सालानंतरची. मी जबलपूरहून बी.एस्सी. होऊन आलो होतो आणि इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. आमच्या खानदानात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. लांजीकडच्या खेड्यातून मला सहावीत असताना या मावशीने आणले. ती विधवा होती, मूलबाळ नव्हते. कचेरीतले आणि कोर्टातले दहाबारा कारकून तिच्याकडे दोन्ही वेळा जेवत. त्या खानावळीवर मी शिकलो. परीक्षेच्या दिवसांत मी वाचत बसलो की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातूनच हळू बोलायला सांगे. मी काय वाचतो ते तिला कळत नसे. पुस्तकावर हात ठेवून ती एवढेच विचारी, "हे सारं ध्यानात राहते तुह्या?"

तिच्या पोटात गाठ होती. रक्तस्रावाने ती फिकी पडत चालली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की गाठ काढावी लागेल, पण इतक्या वजनावर आणि इतक्या रक्तदाबावर बेशुद्ध करता येणार नाही. तीन महिने दिले. "वज़न घटाइए अम्मा, और नमक बंद," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "मास्टरजी, आप समझा दीजिएगा." मी शिकलेला होतो म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना जड जाते.

मी घरी येऊन समजावले. भात अर्धा. तेल कमी. पापड, लोणचे, सांडगे बंद. मीठ अजिबात नाही. मावशीने सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून वरणात मीठ घालायच्या आधी स्वतःपुरते एका लहान पातेलीत काढून ठेवू लागली. बाराजणांच्या भाजीत ती मुठीने मीठ टाकायची. तिचा अंदाज कधी चुकत नसे. सगळे जेवून उठले की ती भिंतीशी बसून ते अळणी वरण भातावर ओतून घ्यायची. चारपाच घास खाऊन ताट सरकवायची.

"काहून, खाऊन घे न," मी म्हणायचो.

"तोंडात फिरून राह्यलं नुसतं. जसा कागद चावून राह्यली."

"सवय होईन."

"हौ. होईन."

तेव्हा मी तिच्या शेजारी बसून लिंबाच्या लोणच्याशी भात खात असे. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. पथ्य तिचे होते.

पंधरा दिवसांनी एकादशी आली. आमच्या घरी मीठ दोन ठिकाणी असे. खडेमीठ चुलीजवळच्या बरणीत. सैंधव देवाच्या फळीवर, पितळी डबीत, कापराच्या शेजारी. खडेमीठ लागले की उपास मोडला. सैंधव लागले तर मोडत नाही. हे मला इतक्या लहानपणापासून ठाऊक होते की ते कोणी शिकवल्याचे आठवत नाही. त्या एकादशीला मावशीने उकडलेल्या बटाट्यावर सैंधव भुरभुरले आणि शिंगाड्याच्या पिठाची भाकर थापली. ती आवडीने जेवली. पंधरा दिवसांनी तिला मी जेवताना पाहिले.

हात धुऊन ती माझ्यापाशी आली. मी वह्या तपासत होतो.

"बापू, एक विचारू? हे उपासाचं चालते न मले? डॉक्टरनं मीठ बंद केलं. हे तं मीठ नाई."

मी मान वर केली की नाही ते आठवत नाही. "चालते," मी म्हणालो. "उपासाचं आहे ते."

तेव्हा तपासत होतो त्या वह्यांत काय होते हे सांगितले तर कोणी खरे मानणार नाही. आठवीच्या पोरांनी आम्ल, अल्क आणि लवण यांवर उत्तरे लिहिली होती. सैंधव हे खडेमिठासारखेच लवण, समुद्राऐवजी खडकातून खणलेले, एवढे मला विचारले असते तर मी झोपेतही सांगितले असते. पण मला ते देवाच्या फळीवरच्या डबीबद्दल विचारले गेले होते, आणि त्या डबीचे उत्तर माझ्याजवळ आधीपासून तयार होते.

मग मावशीने आपली वाट शोधली. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, पुढे चातुर्मास आला तसा तिने एकवेळ, तेही उपासाचेच, जेवायचा नेमच केला. वजनासाठी उपास, उपासासाठी सैंधव. देव खूश, डॉक्टर खूश, असे ती म्हणायची. डबी आठ दिवसांत रिकामी होऊ लागली. किराण्याच्या दुकानातून सैंधवाचे गुलाबी खडे मीच आणायचो. खलबत्त्यात कुटूनही मीच द्यायचो. तिच्यासाठी काहीतरी करतो आहे याचे मला समाधान होते.

वजन उतरत होते. महिन्याने तिला पुन्हा काट्यावर उभे केले तेव्हा तोलणाऱ्याने दोन वजने काढून बाजूला ठेवली.

"माल सुकला मावशी. ओल काढली कोणं?"

"मास्तरनं," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवले. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून दिसतो.

पण रक्तदाब उतरत नव्हता. डॉक्टरांनी पट्टी दंडाला बांधली, फुगवली, पुन्हा बांधली. "नमक?" त्यांनी विचारले.

"बंद है साहब," आम्ही दोघेही एकदमच बोललो. ते खोटे नव्हते. आम्हाला ते खरेच वाटत होते. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. दुसऱ्या महिन्यात आकडा आणखी वर गेला होता. पायावर सूज होती, बोटाने दाबले की खळगा तसाच राहायचा. "वज़न तो घट रहा है," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. त्यांना कळत नव्हते. घरी येताना मावशी रिक्षात पायाची सूज दाबून पाहत होती. मग म्हणाली, "अजून थोडे उपास वाढवू का?"

"वाढव," मी म्हणालो.

तिसरा महिना संपायला बारा-तेरा दिवस उरले होते. सकाळी पोळ्या लाटता लाटता लाटणे तिच्या हातातून गळाले. मी आवाजाने आत गेलो. ती ते उजव्या हाताने उचलायचा प्रयत्न करत होती आणि हात तिचे ऐकत नव्हता. तोंड वाकडे झाले होते. तोलणारा आणि मी मिळून तिला दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवले आणि ती रोज काय खात होती ते विचारले. मी एकेक सांगत गेलो. बटाटा, शिंगाड्याची भाकर, ताक, सैंधव. त्यांचे लिहिणे थांबले.

"सेंधा नमक? रोज़?"

"जी. उपवास का है."

 मी विज्ञान शिकवतो हे त्यांना माहीत होते. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. कागद मिटून म्हणाले, "इसी से हुआ, ऐसा कोई नहीं कह सकता, मास्टरजी." भला माणूस होता. मी तोवर सगळे समजून चुकलो होतो.

ती अकरा दिवस होती. बोलता येत नव्हते, पण शुद्ध होती. मी तिला चमच्याने तांदळाची पेज भरवायचो. आता मात्र खरी अळणी. एक चमचा घ्यायची आणि डोळे मिटायची. एकदा तिने डावा हात उचलून वर भिंतीकडे दाखवले. दवाखान्याच्या भिंतीवर काहीच नव्हते. घरी तिथे देवाची फळी होती. मी समजलो, आणि न समजल्यासारखे करून पुढचा चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडले नाही. मी तिला सांगायला हवे होते. तुझे काही चुकले नाही, तू विचारले होतेस, मी चुकीचे सांगितले. अकरा दिवसांत हे मला जमले नाही.

तिला अग्नी देऊन वैनगंगेवरून परत आलो. आमच्याकडे सुतकात दहा दिवस अळणी जेवण असते. शेजारच्या म्हाताऱ्या काकू घरून वरणभात आणून देत. पहिल्या दिवशी काही कळले नाही. तिसऱ्या दिवशी घास तोंडात नुसता फिरू लागला. गिळवेना. जसा कागद चावत होतो. तिने हे पंधरा दिवस निमूटपणे केले होते आणि मी शेजारी बसून लोणचे खात होतो.

काकूंनी माझे ताट पाहिले.

"असा उपाशी नको राहू बापू," त्या म्हणाल्या. उठून त्यांनी देवाच्या फळीवरची पितळी डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे ठेवली. अर्धी भरलेली होती. मीच कुटून दिलेली. "हे घे वरून. हे चालते. हे काई मीठ नाई."

मी डबीचे झाकण लावले, आणि ताटातला भात तसाच, एकेक घास, संपवला.