बिरूमामा दोनदा मेले

पिंपळगाव रेणुकाईच्या बिरूमामांना तुम्ही पाहिलंय. नाव ऐकलं नसेल, पण पाहिलंय. हिरोला रस्ता दाखवणारा, हिरोईनच्या बापाला ठाण्यात बसवणारा, "सायेब आत हायेत" एवढं बोलून कायमचा गायब होणारा मिशीवाला माणूस म्हणजे आमचे मामा.

सुरुवात रेणुकाईच्या जत्रेतल्या नाटकात झाली. हवालदाराचं काम करणारा ऐन वेळी रुसून बसला, आणि मामांची मिशी तयारच होती. मेंढरांमागून उठून माणूस सरळ स्टेजवर. मग मामांनी एक शहाणपणा केला. गुलाम नबी टेलरकडून मापाची खाकी वर्दी शिवून घेतली. जालना असो की संभाजीनगर, शूटिंग म्हटलं की वर्दी पिशवीत घालून मामा हजर. कपड्यांचा खर्च वाचतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

पण पहिल्यांदा वर्दीमुळे बोलावणारे दुसऱ्यांदा मामांसाठी बोलवायचे, हे मान्य करावंच लागेल. वर्दी तीच, हवालदार मात्र दरवेळी वेगळा. एक लाचखाऊ, एक पाय दुखून कावलेला, एक बायकोला भिणारा. ह्या शेवटच्यासाठी तयारी करावी लागली नाही, असं गावात म्हणतात. मंठ्याच्या बाजारात एकदा दोघं गचांडी धरून भांडत होते. मामा साध्या धोतरात भेंडी निवडत होते. त्यांनी नुसतं वळून "काय चाललंय?" विचारलं. "काई न्हाई सायेब," म्हणत त्या दोघांनी एकमेकांच्या कॉलर नीट केल्या आणि वाटेला लागले.

मागच्या वर्षी पुण्याहून सुमित सर पिक्चर बनवायला आले. त्यांनी मामांना वर्दी घरीच ठेवायला सांगितलं. काम म्हाताऱ्या धनगराचं. पानंच्या पानं संवाद, आणि शेवटी मरण. आजवर पडद्यावरच्या यादीत मामा 'हवालदार' नाहीतर 'माणूस' असायचे. ह्या म्हाताऱ्याला चक्क नाव होतं. मामा आठवडाभर हवेत तरंगत होते.

अडचण बायनामामींची.

"माझ्या कपाळावर कुकू हाय न् तुमी तिरडीवर निजणार? बिलकुल न्हाई."

"आगं, खोटं खोटं असतंय."

"बांबू खोटे का? उचलणारे चार जण खोटे का?"

"इतके साल हवालदार व्हऊन राह्यलो, सरकारनं कधी पगार देला का? मंग एकदा मेलो म्हणून यम कसा यील?"

मामी उठून चुलीपुढं जाऊन बसल्या. परत आल्या त्या अट घेऊन. तिरडीवर असेपर्यंत मामांनी तोंडात गुळाचा खडा धरायचा. मेलेल्याला गोड लागत नसतं. ज्याला गोड लागतंय, त्याला यम हात लावत नाही. असा नियम कुठल्या पोथीत नसावा, पण मामींनी केला आणि मामांनी पाळला.

शूटिंग गावाबाहेरच्या माळावर, दिवस कलताना. खांदा द्यायला गुलाम नबी, गावातलाच पप्पू, मी आणि सरांचा एक माणूस. शॉट सुरू व्हायच्या आधीच गुलाम नबी कण्हला, "बिरू, मरनाच है तो जरा हलका होके मर ना यार." तिरडीवरून उत्तर आलं, "नीट चाल बे, कापड सरकून राह्यलं."

तिरडी खाली ठेवली. सर "ॲक्शन" म्हणाले, आणि गूळ पाघळला. ओठाच्या कडेला थेंब आला, त्यावर माशी बसली. मग मातीतून मुंग्या चढल्या, ओठावरून मिशीत, मिशीतून नाकाकडे. मामा हलेनात.

"खरंच गेले का काय रे मामा?" पप्पू पुटपुटला.

हे नेमकं मामींनी ऐकलं. शूटिंगला पाऊल ठेवणार नाही म्हणणाऱ्या मामी, गूळ धरलाय की नाही हे बघायला येऊन गर्दीत उभ्या होत्या. त्या धावत आल्या आणि मामांच्या छातीवर कोसळल्या.

"आवं उठा! उठा वं! मीच हो म्हणले, मीच धाडलं तुमाला!"

कॅमेरा चालूच. मग मामांचा हात हळूच वर आला आणि मामींच्या डोक्यावर टेकला.

"आगं, हाये मी."

सुमित सर पळत आले. त्यांचेच डोळे ओले. "मामा, असा शॉट जन्मात मिळत नाही. हात उचलायच्या आधी कट करतो. हाच ठेवणार."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मामींचा चेहरा मात्र उतरला. आता थेटरात सगळ्या मुलखासमोर, कपाळावर कुकू असताना, त्या नवऱ्याच्या मढ्यावर पडून रडणार होत्या. तेही दर खेळाला. त्यांनी पदर कपाळावर ओढला. मामांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मिशीतल्या मुंग्या झाडल्या.

"सर, हे काढून टाका."

"मामा, ह्या एका शॉटनं तुमचं नाव होईल."

"व्हईल, बराबर हाय. पर ती माझ्यासाठी रडली, पिच्चरसाठी न्हाई."

"ऊन चाललंय. दुसरा असा होणार नाही."

"न्हाई व्हनार. मला ठाव हाय."

दुसरा कुणी असता तर त्यानं बायकोला समजावलं असतं, आणि मामींनी ऐकलंही असतं. मामांनी ती वेळच येऊ दिली नाही. सरांनी मामांना दाखवून तो शॉट पुसला.

पिक्चरमध्ये आहे ते मामांचं दुसरं मरण. चांगलं आहे, साधं आहे. पाहणाऱ्यांना काही कमी वाटत नाही. मामा पुन्हा तिरडीवर आडवे झाले, तेव्हा मामींनी कॅमेऱ्याजवळ खुर्ची ओढली, पदर खोचला आणि सरांना दटावलं, "घ्या आता जल्दी. किती येळ मारून ठेवता मान्साला?"