शेणाच्या गॅसवरचा चहा

लग्न होऊन मी धाडजवळच्या त्या गावी आले तेव्हा गावात वीज नव्हती, आणि घरोघरी स्वयंपाक कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर न् गोवऱ्यांवर व्हायचा. पुढच्याच वर्षी सासऱ्यांनी गोठ्यामागे गोबरगॅस बांधायला काढला. धाडचा एक मुसलमान मिस्त्री आला. त्यानं जमिनीत विटांची विहीर बांधली आणि तिच्यात उपडी लोखंडी टाकी बसवली. शेण पाण्यात कालवून आत सोडायचं. गॅस साठला की टाकी हळूहळू वर यायची.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात गॅसची शेगडी पेटली तेव्हा सासूबाई दारातूनच बघत राहिल्या.

"धूर नाई, राख नाई, मंग जळून काय राह्यलं?"

देवाचा नैवेद्य चुलीवरच होईल, असं त्यांनी बजावलं. माझ्या शेगडीवरच्या भाकरीलाही त्या हात लावत नसत. स्वतःपुरती चुलीवर वेगळी थापून घेत.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण सासऱ्यांनी लगेच संडास बांधायला घेतला, आणि तोही टाकीला लागून. शेजारणीनं सासूबाईंचे कान भरले, की काही गावांत अशा टाकीत माणसांचंही सोडतात. झालं! त्या रोज सुपात तूर घेऊन गोठ्याच्या ओट्यावर बसू लागल्या. हात निवडत असायचे, डोळे मिस्त्रीच्या पाइपावर. मलाही जेवण जाईनासं झालं. सासऱ्यांना विचारलं की ते नुसते हसायचे, आणि त्या हसण्यानं शंका आणखीच वाढायची.

एका दुपारी सासरे बाजाराला गेले. सासूबाईंनी कुदळ घेतली.

"टोपलं धर वो."

आम्ही दोघींनी माती उकरली. संडासाचा पाइप वेगळ्याच खड्ड्यात जात होता. माझा जीव भांड्यात पडला. पण सासूबाई थांबल्या नाहीत. विहिरीच्या भिंतीजवळ खणलं, तर तिथं एक दुसरं पाइपाचं तोंड निघालं. संडासाकडे वळवलेलं, गोणपाटाचा बोळा कोंबलेलं.

सासरे आले ते थेट त्या खड्ड्यापाशीच.

"हे तोंड कायले ठेवलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढं-मागं लागलं तर..."

"म्हंजे इचार होता तुमचा! मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं टाकी बसू देली असती काय तू?"

 रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्यानं विटा-सिमेंटनं ते तोंड बुजवलं, आणि तोवर सासूबाई तिथून हलल्या नाहीत. शेवटी ओल्या सिमेंटमध्ये बोट खुपसून त्यांनी खात्री करून घेतली.

तरी त्यांची चूल चालूच होती. मग श्रावणात पावसाची झड लागली. पऱ्हाट्या ओल्या, फुंकून फुंकून सासूबाईंचे डोळे लाल. एकदा त्या उठल्या, मला बाजूला सारलं आणि शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. त्यानंतर नैवेद्य तेवढा चुलीवर राहिला.

काही दिवसांनी तीच शेजारीण आली. कप हातात धरून तिनं विचारलं, "त्या संडासाचं काही नाई नं यात?"

सासूबाई उसळल्या. "माह्या डोळ्यांदेखत बुजवलं! तुले प्यायचा नसंल तं ठेव खाली."

शेजारीण चहा प्यायली. ती गेल्यावर सासूबाईंनी आपला कप उचलला, पदराआड नाकाशी नेला, आणि मगच पहिला घोट घेतला.