घरशाळेचा पत्ता

आमच्या ताईला आडपडदा म्हणून ठाऊक नाही. कुणी काही विचारायचा अवकाश, ही सगळं सांगून मोकळी. चोवीस वर्षं तिनं शाळेत शिकवलं. ती शाळा बंद पडली तेव्हा टेबलखुर्च्या भंगारात गेल्या, आणि हिनं तेवढा फळा मागून घेतला. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बाहेरच्या खोलीत तो ठोकला आणि घरशाळा काढली. शाळेत ज्यांचं जमत नाही अशा मुलांनी सकाळी हिच्याकडे यायचं, इथेच सगळा अभ्यास करायचा आणि परीक्षा बाहेरून द्यायची. मी तिची धाकटी बहीण. त्याच इमारतीत खाली माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. माझ्या जिभेला हाड नाही, असं ताई म्हणते. खोटं कशाला बोलू, नाहीच.

मुलं होती चार. एक तोतरा, एक सदा आजारी, एक चारचौघांत बसवलं की रडणारी, आणि चौथी मुंगी. आली तेव्हा आठ वर्षांची. चालायची ती भिंतीच्या कडेकडेनं, बोलायची तर ऐकायला कान द्यावा लागायचा, म्हणून ताईनं तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. पेन्सिलींचे तुकडे खिशात साठवायची. उजव्या हाताची करंगळी वाकत नव्हती तिची. का वाकत नाही ते तिच्या आईनं पहिल्याच दिवशी ताईला बाजूला घेऊन सांगितलं. बापानं दारात चिरडली होती, मुद्दाम. त्याच आठवड्यात ही बाई मुलीला घेऊन त्या गावातून निघाली आणि इथे औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली.

"शाळेत घालायचं तर जुना दाखला लागतो," ती म्हणाली. "दाखला मागायला गेले की त्याला कळणार. बाई, हिचं नाव कुठे लावू नका. फोटो तर नकोच नको."

"शब्द देते," ताई म्हणाली. मी तिथेच उभी होते. मीही मान डोलावली होती.

वर्षभरानं आजारी मुलगा खडखडीत बरा झाला, त्याला आईबापांनी मोठ्या शाळेत घातलं. रडणारीच्या घरचे गाव सोडायला निघाले. उरली दोन. दोघांवर घर चालेना, तेव्हा ताई कुठेतरी कारकुनी धरायचं बघायला लागली.

"आणि मुंगी?" मी विचारलं.

"तेच तर," ताई म्हणाली. "तिला कोण घेणार?"

मला राग आला. माझ्या रागाचं एक बरं आहे, तो आला की मी कामाला लागते. म्हटलं, अगं, जग कुठे चाललंय आणि तू जिन्यात चिठ्ठी चिकटवून बसलीयेस! गावातल्या धंद्यांची यादी देणाऱ्या तीन साइट होत्या. तिन्हींवर घरशाळा चढवली. नाव, पत्ता, फोन, वेळ, सगळं. एका साइटवर घरशाळा असा प्रकारच नव्हता, म्हणून 'घरगुती सेवा'त टाकलं. मग काय, ताईला फोन यायचे ते गळके नळ आणि झुरळं यांचे. एकाला तिनं वॉशर कसा बदलायचा ते अर्धा तास समजावलं. मी पोट धरून हसले.

मुलांनाही दुकानात बोलावून दाखवलं. ताई म्हणाली, "आपल्या शाळेचं नाव टाका बघू." तोतऱ्यानं काही टाकलं नाही, नुसता आ वासून उभा. मुंगीनं एका बोटानं एकेक अक्षर दाबत 'घरशाळा' लिहिलं, आणि पडद्यावर ताईचं नाव, पत्ता, नंबर आला. "बाई, आपण सापडलो!" एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलली असेल.

तीन आठवडे खऱ्या चौकशीचा एक फोन नाही. साइट मात्र हात धुऊन मागे लागलेली. तुमची माहिती अपुरी आहे, फोटो टाका, फोटो असला की लोक विश्वास ठेवतात. रिकाम्या खोलीचा टाकला तर गोदाम वाटायचं. मग मी शक्कल लढवली. मुलं फळ्यावर लिहीत असताना मागून फोटो काढला. दोघांच्याही पाठी. तोतरा कडेला, मुंगी फोटोच्या मधोमध, टाचा उंचावून गणित सोडवतेय.

ताईनं चष्मा लावून बघितलं. "अगं, ही दिसतेय."

"पाठ दिसतेय! पाठीवर नाव लिहिलंय का तिचं?"

"मी शब्द दिलाय गं."

"चेहऱ्याचा दिलायस ना? चेहरा कुठेय यात? मुलं आली नाहीत तर शब्दाचं काय लोणचं घालणारेस?"

तिनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "बघ बाई, तुला कळतं त्यातलं." मी टाकला फोटो. मला स्वतःची हुशारी वाटली, हे सांगायलाच हवं.

नऊ दिवसांनी फोन आला. माणूस फार अदबीनं बोलत होता. मुलगी नऊ वर्षांची आहे, शाळेत रमत नाही, तुमच्याकडे त्या वयाची कुणी आहे का? ताई हरखून गेली. आहे ना, फार गुणी आहे, दोघींची जोडी जमेल. वेळ काय? नऊ ते पाच. न्यायला कोण येतं? आईवडील येतात ज्याचे त्याचे, कुणाची आई कारखान्यातून सुटून येते. सगळं सांगितलं. "उद्या साडेअकराला या," म्हणाली, "मुलं असतील तेव्हाच बघा."

दुसऱ्या दिवशी तो आधी माझ्या दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊचा पुडा. "घरशाळा इथेच का?" मी काउंटरबाहेर येऊन जिना दाखवला. वर म्हटलं, "दिवा गेलाय जिन्यातला, सांभाळून जा हं."

थोड्या वेळानं वरून खुर्ची पडल्याचा आवाज आला म्हणून धावले. ताई दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभी होती. तो आतमध्ये, शांत. मुलीला त्यानं हाक मारली. तिचं खरं नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं.

"मी नेऊ देणार नाही," ताई म्हणाली. "तिच्या आईला येऊ दे."

"पोलिसांना बोलवा की. थांबतो मी. बाप आहे मी तिचा, कागद आहेत खिशात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सगळ्या शाळा पालथ्या घातल्या. मग शिकवण्या बघायला लागलो. तो स्वेटर माझ्या आईनं विणलाय. लोकर संपली म्हणून खालची चार बोटं हिरवी केलीत. दुसरा कुठे मिळेल असा?"

पिवळा स्वेटर, खाली हिरवी पट्टी. रोज बघत होते मी तो. फोटोत मधोमध होता.

तिच्या आईला फोन लावला, पण कारखान्यात पाळीच्या वेळी फोन काढून घेतात; मग पोलिसांना मी खरंच फोन केला. आले, कागद बघितले, करंगळीचं सांगितलं तर म्हणाले, बापच आहे ना, आईला कोर्टात जायला सांगा. एवढा वेळ मुंगी बाकावरून हलली नव्हती. आता उठली. वही दप्तरात घातली, चेन लावली. दाराशी आली तेव्हा विचारलं, "बाई, उद्याचा गृहपाठ?"

ताईनं तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. म्हणाली, "पान बेचाळीस." मुंगीनं मान हलवली आणि भिंतीच्या कडेनं जिना उतरली.

पाच वाजता आई आली. आमच्या कानफटात मारायला हवी होती तिनं. ओरडलीसुद्धा नाही. कुठला फोटो, एवढंच विचारलं. पडद्याकडे बघून म्हणाली, "मीच घातला होता. दुसरं गरम काही नव्हतं तिला." त्याच संध्याकाळच्या गाडीनं ती त्या गावाला गेली, त्याच्याच घरी. मुलगी तिथे म्हटल्यावर जाणार कुठे? तिचा फोन तेव्हापासून बंद आहे. ताई दोनदा त्या गावाला जाऊन आली. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, कुठेतरी राहायला गेले, पत्ता ठाऊक नाही.

आठवड्यानं साइटवर आमच्याविषयी पहिला अभिप्राय आला. पाच तारे. 'पत्ता अचूक. वेळाही अचूक.' नाव नव्हतं, पण नाव कशाला हवं? माझं डोकं फिरलं. साइटवाल्यांना फोन केला, तर म्हणे अभिप्राय काढता येत नाही, पूर्ण नोंदच काढावी लागेल. फोटो मी त्याच दिवशी उडवला होता. आता नोंदही उडवते म्हणून बटणावर बोट ठेवलं, तर ताईनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, त्या मेल्याचे तारे आपल्या नावाखाली?"

"असू देत. तिला 'घरशाळा' लिहिता येतं, एका बोटानं. कधी कुणाचा फोन हाती लागला तर शोधेल ती आपल्याला."

याला दोन वर्षं झाली. फळा कधीच उतरवलाय, ताई एका गोदामात कारकुनी करते, वर्गाला एकही मूल नाही. साइट दर तीन महिन्यांनी विचारते, ही शाळा अजून सुरू आहे का? खाली दोन बटणं असतात. मी दर वेळी 'होय' दाबते.