ठिबकाच्या नळीचा वायपर

खात्यातून निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पण निरवांगीच्या रस्त्यावरची ती धुक्यातली सकाळ काही डोळ्यांपुढून हलत नाही. गुन्हा तसा रोजचाच, अपघात करून पळून गेल्याचा. आमच्या कागदांत अशा गाडीला 'अज्ञात वाहन' म्हणतात आणि खरं सांगायचं तर ती बहुधा अज्ञातच राहते. ही सापडली. कशामुळे, तर कुणीतरी घरच्या घरी बदललेल्या एका वायपरमुळे.

दुधाची किटली घेऊन डेअरीकडे निघालेल्या एका वयस्कर सायकलस्वाराला कुणीतरी उडवून गेलं होतं. भाजी भरायला निघालेला कन्हेरीचा एक पिकअपवाला मागून आला. त्याने त्यांना उचललं, इंदापूरच्या दवाखान्यात पोहोचवलं आणि ठाण्याला फोनही त्यानेच केला. नावं सांगायची नाहीत असं मी ठरवलंय. त्याला सगळे भाई म्हणत, मीही तेच म्हणतो.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्यावर वायपरचा मोडका तुकडा मिळाला. त्याला ठिबकाची बारीक काळी नळी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली होती. आमच्याकडे ठिबक घरोघरी, पण वायपरवर ते मी पहिल्यांदाच पाहिलं. तुकडा मुद्देमालात जमा केला.

दुपारी ठाण्यात फोन वाजला. नाव सांगायला तयार नाही. "साहेब, दवाखान्यात आणणाऱ्यानंच उडवलाय म्हाताऱ्याला. त्याच्या वायपरला ठिबकची नळी हाय, जाऊन बघा." पंचनाम्याच्या वेळी जमलेल्या बघ्यांपैकीच कुणीतरी असणार. आपल्याकडे जखमीला उचलायला चार हात मिळत नाहीत, पण पोलिसांना अक्कल शिकवायला गावच्या गाव तयार असतं.

जाऊन बघितलं. पिकअपच्या वायपरला खरोखरच तशीच नळी होती, तशीच पट्टीने बांधलेली. भाईला जबाबासाठी बोलावून घेतलं. पाठोपाठ त्याची बायको आली. तोवर फाटकापाशी जखमीच्या गावची माणसं जमली होती. "गुन्हा दाखल करा, न्हायतर आमी हितनं हलत न्हाय," असा त्यांचा सूर.

"ही नळी कशाला लावली?" मी विचारलं.

"कारखाना चालू झाला की काजळी पडती, साहेब. त्यात धुकं. बॉनेटवरची पाण्याची भोकं क्षारानं बुजत्यात. मग नळी वायपरच्याच दांडीवरनं घेतली. रबराच्या म्होरं थेंब पडतो, काच झटक्यात साफ."

डोकं बरं चाललं होतं गड्याचं. मी मुद्देमालातला तुकडा टेबलावर ठेवला. त्यावर नजर पडली आणि त्याचा चेहरा उतरला. "हे तुझंच काम ना?" त्याने होकाराची मान हलवली. "मग हा रस्त्यावर कसा?" त्यानंतर त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

पुढचं बायको बोलली. "रस्त्यात पडलेल्या माणसाला उचललं ह्यो गुन्हा झाला व्हय, साहेब? आता डोळ्यांदेखत कुणी मरत असला तरी ह्यांनी गाडी थांबवायची न्हाय. म्या थांबू द्यायची न्हाय."

ते वाक्य मला लागलं. कारण ते भाईपुरतं नव्हतं. त्या दिवशी मी त्याला आत घातलं असतं, तर त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तेच ठरवून मोकळा झाला असता.

माणूस गप्प बसला म्हणजे दोषी, असं नवीन पोलिसाला वाटतं. मला मात्र त्याच्या गप्प बसण्यात भीती दिसत नव्हती, अवघडलेपण दिसत होतं. मी पुन्हा पिकअपपाशी गेलो. नळी उन्हाने विटलेली, गाठीत जुनी धूळ. कालपरवा बदललेली वाटेना. वायपर अखंड, काचेवर ओरखडा नाही. मग मुद्देमालातली नळी उजेडात धरली. आतून पांढरा थर बसला होता. मी शेतकऱ्याचा मुलगा, सुट्टीला घरी गेलो की उसाला ठिबकातून खत सोडायचं काम माझ्याकडेच असे. तो थर त्याच, पाण्यात विरघळणाऱ्या खताचा होता. भाईच्या नळीत मात्र नुसतं साधं पाणी.

मी परत येऊन त्याच्याजवळ बसलो. "तू अशी नळी आणखी कुणाला बसवून दिलीस?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कोऱ्हाळ्याच्या आबांना. फकस्त त्यांना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"माझी लेक त्यांच्या गाडीत जन्मली, साहेब. दवाखान्यात पोचस्तोवर आबांनी हॉर्नवरचा हात काढला न्हवता. त्यो माणूस कुणाला असं टाकून जायचा न्हाय. त्यांना कळलंच नसंल. आन् म्या नाव घेतलं तर लोक म्हनतील, सोताला वाचवाया म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलं."

भाईला ठाण्यात बसवून दोन शिपायांसह मी कोऱ्हाळे बुद्रुकला गेलो. आबा अंगणातच होते. सत्तरीकडे झुकलेले, स्वच्छ टोपी. जुन्या जीपला उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, नवा वायपर बसवत होते. पळून आलेला माणूस असं करत नाही.

"या साहेब. ट्रॉलीतनं ऊस सांडला रस्त्यात, त्यावर गाडी उडाली आन् वायपर मोडला बघा," ते स्वतःहूनच म्हणाले.

सकाळी ते लेकीच्या गावाहून परतत होते. काच धुण्याच्या टाकीतलं पाणी आदल्या संध्याकाळी तिथल्याच मळ्यात, ठिबकाच्या टाकीतून भरलेलं. स्वच्छ दिसलं म्हणून घेतलं, खत कालवलेलं आहे हे ध्यानात आलं नाही. धुक्यात बटण दाबलं आणि काच चुना फासल्यासारखी पांढरी झाली. तेवढ्यात डाव्या बाजूला धक्का बसला. हंगामात आमच्या रस्त्यांवर उसाच्या मोळ्या पडलेल्या असतातच, गाड्या आदळतातच. आबांनी पुढे जाऊन टॉवेलने काच पुसली, ट्रॉलीवाल्याला शिव्या घातल्या आणि घर गाठलं.

मी तुकडा पुढे धरला आणि म्हणालो, "आबा, तो ऊस नव्हता. माणूस होता."

ते जीपच्या पायरीवर बसले. टोपी काढून हातात घेतली.  मग एकच विचारलं, "जिता हाय का त्यो?"

"आहे. शुद्धीवर यायचाय."

"मग आधी दवाखान्यात चला. तुमचं काय ते कागद मागनं करा." जीपची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "ही आता मला नगं."

दवाखान्यात गेलो, मग ठाण्यात आलो. आबांचा जबाब झाला, गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. आपण वाचावं म्हणून त्यांनी एक शब्द टाकला नाही, कोर्टातही चूक कबूल केली. भाईला मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. जमलेल्या माणसांना मोठ्याने सांगितलं, "ह्याने उचललं म्हणून तुमचा माणूस जिवंत आहे."  एका म्हाताऱ्याने तेवढे हात जोडले. भाईने कुणाकडेच पाहिलं नाही, बायकोला गाडीत बसवलं आणि निघून गेला. दूधवाले काका पुढे बरे झाले, परत सायकलवर बसले. मला मात्र भाईच्या बायकोचं वाक्य टोचतच राहिलं.

पुढच्या हंगामात एका जबाबासाठी मी त्याच दवाखान्यात गेलो होतो. दारात ओळखीची पिकअप, मागे भाजीचे क्रेट तसेच. आत भाई, सदऱ्यावर रक्त. ऊसतोडीच्या गाडीवरून पडलेल्या एका अनोळखी बाईला त्याने आणलं होतं. शेजारी त्याची बायको, त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

मी तिला म्हणालो, "तुम्ही तर गाडी थांबवू देणार नव्हता."

ती रागानेच माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्यांना म्हनलं व्हतं, साहेब. पर आज ब्रेक मार म्हनून वरडली ती म्याच."

नोकरीत मी बरेच गुन्हेगार पकडले. त्यांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. गुन्हेगार शोधायची घाई करताना, मदतीला थांबलेला माणूस आपल्या हातून दुखावला तर जात नाही ना, हे आधी बघावं, एवढं त्या वायपरने मला शिकवलं. भाईची बायको त्या दिवशी डॉक्टर येईपर्यंत जागची हलली नाही. जबाब लिहून घेण्याआधी मी कॅन्टीनमधून तिच्यासाठी चहा आणला.